कमरेला लावायचं, तर कोणतं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका मित्राने गेल्या उन्हाळ्यात मला विचारलं, "लायसन मिळेल असं दिसतंय. आता घेऊ कोणतं बे? लहानसं पाहिजे. शर्टाखाली दिसायला नको." शनिवारी कामगारांचा पगार वाटायचा, त्यासाठी बँकेतून रोकड आणायची, आणि दोन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एकाला रस्त्यात अडवून लुटलेलं. त्याची भीती खरी होती. मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. फौजदारी खटले चालवणारे वकील, निवृत्त पोलीस अधिकारी, शस्त्रविक्रीचा परवाना असलेले दुकानदार अशा चौघापाचांकडे गेलो, कायदा आणि नियम मुळातून वाचले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सराफ, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर, बागायतदार, गावोगावचे पुढारी, सगळ्यांकडून मी तो आता ऐकतो.

"दिसायला नको" ही त्याची अट त्याला स्वतःची सोय वाटत होती. प्रत्यक्षात तो कायदाच आहे. शस्त्र नियम, २०१६ मधला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र न्यायचं तर ते म्यानात किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. लग्न, जत्रा, मिरवणूक, सभा अशा प्रसंगी ते नाचवायला किंवा उडवायला बंदी आहे. अमेरिकेत छुपं शस्त्र बाळगणं हा हक्क की सवलत, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. न्यूयॉर्कने १९११ साली त्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याची जाचक अट रद्द केली. आपल्याकडे वादच नाही. परवाना असेल तरच बाळगायचं आणि बाळगायचं तर झाकून. लग्नाच्या मांडवात शर्ट वर करून मूठ दाखवत फिरणारा माणूस परवानाधारक असला तरी नियम मोडत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर आनंदाच्या भरात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

ही कडक चौकट आली कुठून, हे सोलापूरकराने तरी जाणून घ्यावं. हिंदी माणसाच्या हातातली शस्त्रं काढून घेणारा कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या काळातला. मे १९३० मध्ये याच शहरात गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांनी कराचीत काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क त्या ठरावात होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालावा असं सुचवलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि सूचना फेटाळली गेली. पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, आणि परवाना ही सरकारने कारण पाहून द्यायची गोष्ट झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क इथे नाही. मला हे योग्य वाटतं. ज्या शहराने बंदुकीचा धाक सोसला, त्या शहराने प्रत्येकाच्या कमरेला बंदूक मागू नये.

परवान्याची वाट थोडक्यात सांगतो. सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय एकवीस पूर्ण हवं. व्यवसायामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरी गरज आहे हे दाखवावं लागतं, ठाण्याकडून चौकशी होते, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं आहे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हे त्यावर लिहिलेलं असतं. विजापूरला किंवा हैदराबादला माल द्यायला जाणाऱ्याने ती ओळ आधी वाचावी.

परवाना हातात असला तरी रोज बाळगता येईल, असं मात्र समजू नये. वर्तमानपत्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालचे आदेश आपण वाचतो आणि पान उलटतो. सण, आंदोलनं, मोर्चे असले की हे आदेश निघतात आणि त्या काळात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी येते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या गर्दीत कमरेला भरलेलं शस्त्र घेऊन कुणी असावं, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. निवडणूक आली की छाननी समिती ज्यांची नावं काढते त्यांना शस्त्र जमा करावं लागतं. २०२४ मध्ये आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा ही वेळ आली. म्हणजे "रोज बरोबर" म्हणून घेतलेलं शस्त्र वर्षातले कित्येक दिवस घरच्या तिजोरीत किंवा ठाण्याच्या कोठारात पडून असतं. संरक्षणाची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवता येत नाही.

आता मित्राचा मूळ प्रश्न. निवड दिसते तेवढी मोठी नाही. ९ मिलिमीटर, ०.४५५, ०.३०३ हे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, कारण ते फौजेचे आणि पोलिसांचे. उरतो मुख्यतः ०.३२. रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं ते ०.३२ लाँग काडतूस अमेरिकेत १८९६ साली आलं. त्याच्या गोळीत ९ मिलिमीटरच्या गोळीच्या सुमारे एक तृतीयांश जोर असतो. अनेकांना हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. हलका दणका म्हणजे नवख्या हाताला नेम धरायला सोपं, आणि नवी पेठेसारख्या गर्दीत गोळी आरपार जाऊन कुणा तिसऱ्याला लागण्याचा धोका त्या मानाने कमी.

शस्त्रांत सर्वाधिक दिसतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर. इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या आराखड्यावर बेतलेलं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, वरची कडी सोडली की मध्ये दुमडणारं. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'निडर' त्याहून लहान: ०.२२ बोअर, आठ गोळ्या, २५० ग्रॅम, सुरुवातीची किंमत पस्तीस हजारांच्या आसपास. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबल' काढलं: वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारं. उत्तर प्रदेशात संडीला इथे वेब्लीच्या नावाने खासगी कारखान्यातही ०.३२ बनतं. काडतुसांसाठी मात्र मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि काडतुसाच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरं त्याचीच.

जुनी विलायती शस्त्रंही बाजारात फिरतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयात बंद आहे. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वेब्लीला किंवा अमेरिकन रिव्हॉल्व्हरला नव्या देशी शस्त्राच्या कितीतरी पट भाव येतो. तो भाव मिरवण्याचा आहे. स्वतःच्या रक्षणासाठी घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

याचं कारण रिव्हॉल्व्हरच्या आतल्या रचनेत आहे. चाप ओढला की चक्र फिरतं, घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसाच्या बुडावर आपटतो. नव्या रचनांमध्ये चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये अडसर असतो. कित्येक जुन्या शस्त्रांत तो नसतो, किंवा झिजलेला असतो. असं शस्त्र घोड्यावर पडलं तर उडू शकतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघण्याआधी आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होता. ते हातातून निसटून पडलं आणि गोळी त्याच्या पायात घुसली. शत्रू नाही, झटापट नाही, स्वतःचंच घर. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: पडलं तर उडेल का?

दुसरा प्रश्न वजनाचा. लहान आणि हलकं हवं, ही सगळ्यांची मागणी, आणि फसगत इथेच होते. गोळी तीच असताना शस्त्राचं वजन निम्मं केलं तर ते दुप्पट वेगाने मागे उसळतं. चापाचा ताणही लक्षात घ्या. घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढून बार काढायचा तर बहुतेक छोट्या रिव्हॉल्व्हरना पाच किलोंच्या आसपास जोर लागतो. पाऊण किलोहून कमी वजनाची वस्तू स्थिर धरून तिच्यावर पाच किलोंचा ताण द्यायचा, तोही थरथरत्या बोटाने. नळी आखूड, म्हणून नेम धरायच्या दोन खुणांतलं अंतरही आखूड, साधारण बारा सेंटीमीटर. त्या खुणांत एक मिलिमीटर चूक झाली तर सात मीटरवर गोळी सहा सेंटीमीटर चुकते आणि पन्नास मीटरवर हातभर. जाहिरातीत पन्नास मीटरचा पल्ला असेल. तो गोळीचा पल्ला, आपल्या हाताचा नव्हे. अमेरिकेतले कोल्ट कंपनीचे १९२७ चे आणि स्मिथ अँड वेसनचे १९५० चे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर सिनेमामुळे जगभर प्रसिद्ध झाले. पण जाणकार त्यांना नेहमी अनुभवी हाताचं शस्त्र मानत आले. नवख्याला ते सर्वांत अवघड.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर असतो तेव्हा सोलापुरात अंगावर पातळ सुती शर्टाशिवाय काही सहन होत नाही. जाकीट घालणाऱ्या देशातल्या सूचना इथे चालत नाहीत. पातळ शर्टाखाली पाऊण किलोचं पोलाद उठून दिसतं, वाकलं की दिसतं, दुचाकीवर वाऱ्याने शर्ट उडाला की दिसतं. नेहरू शर्टाच्या खिशात टाकून फिरणारे मी पाहिले आहेत. खिशात शस्त्र उलटं फिरतं, किल्ली किंवा पेन चापात शिरू शकतं. म्यान हवंच, आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. घामातल्या मिठाने पोलादाला आठवड्याभरात गंजाचे ठिपके येतात आणि चामड्याचं म्यान तो ओलावा धरून ठेवतं. म्हणून रात्री शस्त्र म्यानातून काढून, रिकामं करून, पुसून ठेवायला हवं. किती जण हे करतात? निवृत्त अधिकारी मला म्हणाले, तपासणीला आलेल्या काही शस्त्रांचं चक्र हाताने फिरत नव्हतं. मालकांनी ती वर्षानुवर्षं कमरेला लावली होती.

सरावाचं तर आणखी अवघड आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव होता, आणि तिचं लक्ष्य जागेवर स्थिर उभं होतं. लुटारू उभा राहत नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलिसाने १९८३ मध्ये मोजून दाखवलं की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात तोडतो. तेवढ्या वेळात शर्ट वर करायचा, म्यानातून शस्त्र काढायचं, नेम धरायचा, मागे कुणाचं पोर उभं नाही ना हे पाहायचं आणि पाच किलोंचा चाप ओढायचा. मी मित्राला हे सांगितलं आणि घड्याळ लावून पाण्याच्या रिकाम्या बाटलीने करून बघायला लावलं. पहिल्या खेपेला त्याचा हात शर्टाच्या टोकातच अडकला.

बार काढलाच, तर पुढे काय? भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला कायदा परवानगी देत नाही आणि पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसणं फार कठीण. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भेदरलेल्या माणसाकडून सोनाराच्या काट्याने मोजून वागण्याची अपेक्षा ठेवू नये असा उदार दृष्टिकोन घेतला आणि आरोपीला सोडलं. पण तो निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळालेला आहे. मधली वर्षं, जप्त झालेलं शस्त्र, वकिलाची फी आणि घरच्यांची झोप, हे सगळं हिशेबात धरा.

आपल्या राज्यात परवान्याची शस्त्रं प्रत्यक्षात कुठे उडाली ते पाहिलं की मन विषण्ण होतं. २००६ मध्ये प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने घरात येऊन परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच एका आमदाराने जमिनीच्या वादातून प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्याच आठवड्यात दहिसरला मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने एका माजी नगरसेवकाचा खून झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. यात उडालेलं एकही शस्त्र अनोळखी लुटारूपासून कुणाला वाचवत नव्हतं. भाऊबंदकी, जमीन, राजकारण, हेवा. रागाच्या क्षणी जे हाताशी होतं ते उडालं.

आणखी एक गोष्ट सांगायला मन धजत नाही, पण सांगायला हवी. कॅलिफोर्नियात २.६ कोटी लोकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत स्वतःच्याच गोळीने मरण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपटींहून अधिक आढळलं. निराशेची लाट बहुधा ओसरते. घरात शस्त्र असलं तर ओसरण्याआधीच सगळं संपतं. घरात कुणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, अपमानाने, तर त्या काळात शस्त्र घराबाहेर, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा ठेवा. सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ दिवसरात्र चालतो.

शेतकरी मित्रांसाठी दोन ओळी. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्या मारावा लागला, तेव्हा मळ्यात राहणाऱ्या अनेकांना रिव्हॉल्व्हर हवंसं वाटलं. ०.३२ ने बिबट्या किंवा रानडुक्कर थांबत नाही, जखमी होऊन अधिक धोकादायक होतो. पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना वेगळा असतो आणि बिबट्या हे वनखात्याचं काम आहे.

मित्राला मी शेवटी जे सांगितलं ते असं. तुझ्या नावाने कुणी ठरवून मागे लागलं असेल, धमकीची तक्रार ठाण्यात नोंद असेल, आणि महिन्यातून एकदा तरी परवानगीच्या मैदानावर जाऊन सराव करायची तयारी असेल, तर घे. मग सर्वांत हलकं घेऊ नकोस. सहाशे-सातशे ग्रॅमचं, पोलादी, तीन इंची नळीचं, बाजूला उघडणारं नवं ०.३२ घे. घेण्याआधी रिकामं असताना तुझ्या बोटाला त्याचा चाप सहज ओढता येतो का ते बघ. चाप झाकणारं म्यान आणि भिंतीत बसवलेली कुलपाची पेटी त्याच दिवशी घे. आणि दारू घेणार असशील त्या दिवशी ते घराबाहेर नेऊ नकोस. पण तुझं दुखणं शनिवारची रोकड एवढंच असेल, तर पगार बँक खात्यात टाक. त्याने तेच केलं. सुरुवातीला काही कामगार कुरकुरले, त्यांची खाती उघडून द्यावी लागली. आता तो शनिवारी रोकड आणायला जातच नाही, आणि परवान्याचा अर्ज त्याने पुढे नेलेला नाही.

ज्यांच्या घरात आजोबांचं किंवा वडिलांचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. धारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो, धारक वारल्यावरही मागता येतो. पण परवान्याविना ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते कितीही जुनं आणि कितीही आठवणीचं असो. या आठवड्यात परवान्याची मुदत पाहा. संपली असेल, किंवा धारक हयात नसेल, तर शस्त्राला स्वतः हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि ते जमा करून पावती घ्या.